पहिल्या दिवशी ती जेवेल कुठे?

मागच्या वर्षी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात भिवंडीच्या कासार आळीतल्या आमच्या शेजारच्या घरी सुताच्या गोदामातला हुकाचा वजनकाटा आला. दाराच्या चौकटीला तो टांगला होता आणि त्याला एक निळी बॅग लोंबकळत होती. काटा तेवीस किलोच्या पुढे सरकला की बॅग खाली उतरायची, उघडायची आणि शेजारीण त्यातून एक वस्तू बाहेर काढायची. कधी मेतकुटाचा डबा, कधी सोलापुरी चादर, कधी लाटणे. प्रेशर कुकर मात्र तिने शेवटपर्यंत बाहेर काढू दिला नाही.

लेकीला जर्मनीत एम.एस.ला प्रवेश मिळाला होता. वडील एका सायझिंगमध्ये हिशेब लिहितात. भिवंडीबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, मागावर चढण्याआधी ताण्याच्या सुताला जिथे खळ लावतात तो कारखाना म्हणजे सायझिंग. त्या घरातून परदेशी शिकायला जाणारी ही पहिलीच. कर्ज काढले होते, घराचे कागद बँकेत होते. जर्मनीच्या व्हिसासाठी एका वर्षाच्या राहण्या-खाण्याचे पैसे आधीच एका खात्यात अडकवून ठेवावे लागतात. ११,९०४ युरो, म्हणजे अकरा लाख रुपयांच्या वर. दर महिन्याला त्यातले ९९२ युरो मोकळे होतात. हे सगळे आकडे त्या माऊलीला तोंडपाठ झाले होते. प्रवेशाचे पत्र, विमा, व्हिसा, कर्जमंजुरी यांची एक जाडजूड फाईल कोचावर ठेवलेली होती आणि येणारा-जाणारा ती उचलून कौतुकाने चाळत होता.

मीही चाळली. तेव्हा ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "ताई, कागद सगळे झाले. पण पहिल्या दिवशी ती जेवेल कुठे?"

फाईलमध्ये याचे उत्तर नव्हते. माझ्याकडेही नव्हते. तो प्रश्न घेऊन मी घरी आले आणि त्या रात्री कपाटातून आनंदीबाई जोशींचे चरित्र बाहेर काढले.

आनंदीबाई आम्हा भिवंडीकरांना परक्या नाहीत. त्या कल्याणच्या, आणि कल्याण-भिवंडी ही नावे इतिहासात जोडीनेच येतात. १६५७ च्या दिवाळीत, वसुबारसेला, शिवाजी महाराजांनी ही दोन्ही ठाणी एकाच वेळी घेतली. मधे फक्त खाडी. आजही आमची रेल्वे खऱ्या अर्थाने कल्याणलाच आहे. भिवंडी रोड स्टेशन आहे, पण ते दिवा-वसई मार्गावर एका बाजूला पडते. म्हणून शेअर रिक्षात बसायचे, कोनगाव मागे टाकायचे, दुर्गाडीच्या पुलावरून खाडी ओलांडायची, की कल्याण आले. माझे सगळे कॉलेज या पुलावरून झाले. ज्या गावी मी रोज शिकायला जायचे त्याच गावची एक मुलगी फिलाडेल्फियाला शिकायला गेली होती, हे मात्र कॉलेज संपल्यावर कित्येक वर्षांनी मनात नीट उतरले.

त्यांची गोष्ट मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' कादंबरी १९६८ पासून घराघरात आहे, २०१९ मध्ये चित्रपटही येऊन गेला. ३१ मार्च १८६५ चा जन्म, माहेरचे नाव यमुना, नवव्या वर्षी पोस्टातल्या गोपाळरावांशी लग्न, चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले, आणि त्यातून डॉक्टर होण्याचा निश्चय. या गोष्टीत आपण गोपाळरावांचा हट्ट पाहतो, पदवी पाहतो, अकाली मृत्यू पाहतो. या वेळी मी फक्त एवढेच शोधत होते, की या मुलीने तिथे गेल्यावर कुठे पथारी टाकली, काय शिजवले आणि थंडीत काय पांघरले.

आणि शेजारणीच्या प्रश्नाचे उत्तर तिथे लगेच सापडले. पहिल्या दिवशी आनंदीबाई जेवल्या कार्पेंटरबाईंच्या घरी.

न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर १८८० मध्ये दाताच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. समोर एक मिशनरी मासिक पडले होते. गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकेत काही सोय होईल का, असे एका पाद्र्याला विचारले होते. ती पत्रे त्या मासिकात छापली होती. पाद्र्याचे उत्तर होते, ख्रिस्ती झालात तर पाहू. ते वाचून या बाईंना राहवले नाही. ओळख ना पाळख, त्यांनी थेट आनंदीबाईंना पत्र लिहिले. मग तीन वर्षे पत्रे जात-येत राहिली. त्या पत्रांतच कार्पेंटरबाई आनंदीबाईंच्या 'मावशी' झाल्या. ७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून निघालेल्या आनंदीबाई ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा बंदरावर मावशी उभी होती.

मला या तीन वर्षांच्या पत्रव्यवहाराचे फार मोल वाटते. चरित्रकार तो प्रस्तावनेसारखा उरकतात आणि कॉलेजकडे वळतात. पण अठरा वर्षांची मुलगी दोन महिने समुद्रावर काढून, नवऱ्यावाचून, ज्या देशात आपला एकही माणूस नाही तिथे उतरते आणि कोसळून पडत नाही, याचे कारण तिचे घर तिच्या आधी तिथे पोचले होते. जूनपासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत त्या रोझेलला राहिल्या. कॉलेज सुरू व्हायला अवकाश होता. त्या उन्हाळ्यात त्यांनी त्या घरच्यांना आपल्या पद्धतीचे जेवण रांधून वाढले, तिथल्या बायकांना साड्या नेसवल्या. म्हणजे जाऊन नुसत्या पाहुण्या झाल्या नाहीत. चूल हाती घेतली. परक्या घरात सुनेचा किंवा लेकीचा पाय कधी रुळतो हे आपल्याकडे कोणत्याही बाईला विचारा. स्वयंपाकघरात डबे कुठे आहेत हे न विचारता कळू लागले की रुळला.

मग फिलाडेल्फिया. विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया हे १८५० मध्ये स्थापन झालेले, केवळ स्त्रियांना डॉक्टर करण्यासाठी काढलेले, जगातले अगदी सुरुवातीचे महाविद्यालय. अधिष्ठात्या रेचल बॉडली या रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी आनंदीबाईंना मनापासून सामावून घेतले. तीन वर्षांसाठी ६०० डॉलरची शिष्यवृत्ती मिळाली. मावशी सोबत आल्या होत्या. त्यांना निरोप दिल्यावर आनंदीबाई आपल्या खोलीत आल्या आणि तिथून त्यांचे खरे हाल सुरू झाले.

त्या खोलीतली शेकोटी जुन्या पद्धतीची होती. पेटवली की धूर वर धुराड्यात न जाता खोलीभर कोंदायचा. विझवली की थंडी. कल्याणच्या दमट हवेत वाढलेल्या मुलीपुढे दोनच वाटा होत्या, धुरात बसून अभ्यास करायचा किंवा गारठून. घरी नवऱ्याला पत्रे लिहायची ती त्याच खोलीत. ताप, डोकेदुखी, खोकला हे हळूहळू मुक्कामाला आले.

हे वाचताना मला दर वेळी एकच गोष्ट छळते. कॉलेजने या मुलीच्या बुद्धीची कदर केली, पैशाची सोय केली, तिच्या धर्माला हात लावला नाही. त्या काळात हे फार मोठे होते, ते मोठेच म्हटले पाहिजे. पण धुराडे कुणी दुरुस्त केले नाही. एका गवंड्याचे काम होते.

दुसरी गोष्ट लुगड्याची. निघण्याआधी, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, श्रीरामपूरच्या कॉलेजात भर सभेत आनंदीबाईंनी शब्द दिला होता, मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. हे श्रीरामपूर आपले नगरचे नव्हे, कलकत्त्याजवळचे. गोपाळरावांची तिथे बदली झाली होती. त्या शब्दाने त्यांचे ताट बांधले गेले आणि नेसणेही. मांस नाही, आपल्या हाताने शिजवलेले शाकाहारी अन्न, आणि अंगावर नऊवारी. आता नऊवारीचा काचा मारल्यावर पोटऱ्या आणि कंबर उघडी राहते. कल्याणात त्याचे काही नाही. फिलाडेल्फियाच्या बर्फात तोच भाग गारठून जातो. आनंदीबाईंनी यावर खूप विचार केला. शेवटी गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. तिने पाय घोट्यापर्यंत झाकतात, आत परकर घालता येतो. आणि हे गोपाळरावांना पत्राने कळवावे लागले. नवऱ्याचा धाक आठ हजार मैलांवरूनही होता. जी मुलगी शरीरशास्त्र शिकत होती तिला स्वतःच्या पोटऱ्या झाकण्यासाठी पत्रातून कारणे द्यावी लागत होती, हे वाचून आजही घशात काहीतरी अडकते.

वस्त्र बदलले, पण सोडले नाही. शब्द राखला आणि अंगही झाकले. ही तडजोड मला त्यांच्या पदवीइतकीच बुद्धीची वाटते. पाठ्यपुस्तकांत तिला जागा मिळत नाही.

१० ऑक्टोबर १८८५ या तारखेचे एक छायाचित्र आहे. पाहिले नसेल तर अवश्य पाहा. त्याच कॉलेजातल्या तिघी शेजारी शेजारी आहेत. आनंदीबाई साडीत, जपानच्या केई ओकामी किमोनोत आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली आपल्या देशाच्या पेहरावात, डोक्यावर दागिन्यांसह. ओकामी १८८९ ला आणि इस्लामबुली १८९० ला डॉक्टर झाल्या. ओकामी पुढे तोक्योत एका इस्पितळात स्त्रीरोग विभाग सांभाळू लागल्या. सम्राटाच्या भेटीच्या वेळी, बाईमाणूस म्हणून त्यांनी पुढे येऊ नये असे झाले, तेव्हा त्यांनी ती नोकरी सोडली. तिघींच्या मातृभाषा वेगळ्या, देव वेगळे, जेवण वेगळे. त्या चित्राकडे पाहताना मला वाटते, त्या कॉलेजातल्या अमेरिकन मुलींपेक्षा या तिघींना एकमेकींचा गारठा जास्त कळत असेल.

११ मार्च १८८६ ला पदवीदान झाले. इंग्लंडात असलेल्या पंडिता रमाबाई त्यासाठी समुद्र ओलांडून आल्या. म्हणजे समारंभाला घरचे माणूस होते. गोपाळरावही तोवर अमेरिकेत पोचले होते. प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड इस्पितळात स्त्री-विभागाची नेमणूक ठरली. आणि धुराच्या खोलीत शिरलेला आजार क्षय होऊन सोबत निघाला. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात आनंदीबाई गेल्या. बावीस वर्षे पूर्ण व्हायला महिना होता.

आनंदीबाईंच्या तीस वर्षांनंतरची आणखी एक हकिगत मी शेजारणीला सांगितली, कारण तिच्या घरात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे. जुलै १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला उतरले ते बावीस वर्षांचे होते. सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षे, आणि परत आल्यावर बडोद्याची दहा वर्षे चाकरी असा करार. कोलंबिया विद्यापीठाने हार्टली हॉल या वसतिगृहात जागा दिली. तिथले जेवण त्यांना मानवेना; गोमांस पुढे येई. आठवडाभरात त्यांनी ती जागा सोडली आणि पश्चिम ११४ व्या रस्त्यावरच्या कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले, तिथे काही भारतीय विद्यार्थी राहत. तिथूनही पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये, नवल भथेना या पारशी मित्राबरोबर. तिसऱ्या जागी बस्तान बसले. मग पुढचा अभ्यासाचा डोंगर आपण सगळे जाणतो: अर्थशास्त्राचे २९ विषय, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे सहा, शिवाय तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, राज्यशास्त्र. पण त्या डोंगराच्या पायथ्याशी ही खोलीची भटकंती आहे आणि एक मित्र आहे. भथेनांशी जडलेली ती मैत्री आयुष्यभर टिकली, पुढे अडीअडचणीला पैशाचीही मदत झाली.

खरी कहाणी मात्र परतीची आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत बाबासाहेबांनी ती स्वतः लिहून ठेवली आहे. इतकी वर्षे परदेशात राहून आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसली गेली होती. १९१७ मध्ये करार पाळण्यासाठी बडोद्याला उतरले आणि स्टेशनवर पहिला प्रश्न उभा राहिला, जायचे कुठे? हिंदू खानावळीत जागा मिळणार नाही हे माहीत होते. शेवटी पारशांच्या एका वसतिगृहात, पारशी नाव लावून, रोज दीड रुपया देऊन राहिले. वर एक जळमटलेले दालन, सोबतीला कुणी नाही. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी काठ्या घेऊन जिन्यावर आले. संध्याकाळपर्यंत खोली सोडावी लागली. हिंदू मित्राकडे विचारले, ख्रिस्ती मित्राकडे विचारले, दोघांच्याही घरी अडचण निघाली. कामाठी बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले.

न्यूयॉर्कमध्ये तीन जागा मिळाल्या. बडोद्यात एक टिकली नाही.

हे ऐकून शेजारीण बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे लांब जायची भीती नाही ताई. दार उघडणारं कोण आहे, एवढंच."

तिचे म्हणणे मला आमच्याच गावात पटते. भिवंडी हे गावच बाहेरून आलेल्यांचे. उत्तरेतले मोमीन विणकर १८५७ च्या धामधुमीनंतर इकडे आले असे जुनी माणसे सांगतात. तेलंगणातले पद्मशाली आले, त्यांचे पद्मानगर झाले. आजही उत्तर प्रदेश, बिहारातून पोरे येतात, यंत्रमागावर बारा-बारा तासांची पाळी करतात. एकाच खोलीत दिवसपाळीवाले रात्री झोपतात आणि रातपाळीवाले दिवसा. नव्या पोराला पहिल्या दिवशी काम मिळो न मिळो, गाववाल्याच्या ओळखीने खानावळीत नाव लागते. दोन वेळचे जेवण उधारीवर सुरू होते, पगार झाला की फेडायचे. आमच्याकडे कुणी त्याला 'स्वागत कक्ष' म्हणत नाही, पण पहिल्या दिवशी जेवायचे कुठे या प्रश्नाला या शहराने शंभर वर्षांपूर्वीच उत्तर शोधून ठेवले आहे.

विद्यापीठांना ते उत्तर उशिरा सापडते, आणि बहुधा एखाद्या माणसामुळे सापडते. पुण्यातले उदाहरण सर्वांत जवळचे. शां. ब. मुजुमदार फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत आणि वसतिगृहाचे रेक्टर होते. एकदा त्यांना मुलांच्या वसतिगृहाच्या खिडकीतून एक मुलगी आत काहीतरी देताना दिसली. नियमाप्रमाणे मुलींना तिथे मज्जाव. चौकशी केली तेव्हा कळले, आत मॉरिशसचा एक मुलगा काविळीने पडला आहे, त्याचे इथे कुणी नाही, आणि ती त्याच्याच देशातली मुलगी त्याला पथ्याचे जेवण पोचवते आहे. रेक्टर त्या दिवशी दंड करून गप्प बसू शकले असते. त्यांना झोप लागली नाही. त्यातून २६ जानेवारी १९७१ रोजी 'सिम्बायोसिस' हे परदेशी विद्यार्थ्यांसाठीचे सांस्कृतिक केंद्र सुरू झाले. आजचे भलेमोठे विद्यापीठ त्या खिडकीतून निघाले आहे.

खिडकी उघडी ठेवणे अजूनही सोपे नाही. आपल्याकडे परदेशी माणसाला घरात ठेवले की चोवीस तासांच्या आत सरकारला एक फॉर्म भरून कळवावे लागते. फॉर्म छोटाच, पण तेवढ्या कारणावरून घरमालक हात वर करतात. दीर्घ मुदतीचा व्हिसा असलेल्या विद्यार्थ्याला चौदा दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात नोंद करायची असते आणि त्याला राहण्याचा पत्ता लागतो. पत्ता हवा तर घर हवे. जर्मनीतही हाच गुंता आहे. घरमालकाचे पत्र मिळाल्याशिवाय नगरपालिकेत नोंद नाही. नोंद नाही तर पुढची बरीच कामे खोळंबतात. जगभरच्या कचेऱ्यांची या बाबतीत एकजूट आहे. नव्याने आलेल्याकडे त्या आधी तेच मागतात जे त्याच्याकडे अजून नसते.

शेजारणीची मुलगी शनिवारी संध्याकाळी पोचली. खोली मिळाली होती, विद्यार्थ्यांच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. किल्ली हाती आली, दार उघडले, गादी होती, टेबल होते. दुकाने बंद व्हायच्या बेतात होती आणि बॅगा ओढून ती इतकी दमली होती, की सकाळी बघू म्हणून झोपली. सकाळी रविवार. जर्मनीत रविवारी दुकाने बंद असतात हे फाईलमध्ये कुठेच लिहिलेले नव्हते. कुकर होता, तांदूळ नव्हते. मेतकूट होते, भात नव्हता. आईने व्हिडिओ कॉल केला तेव्हा ती लाडूच्या डब्याशी बसलेली होती आणि हसायचा प्रयत्न करत होती. आई इकडे ओट्याला टेकून उभी. मी तिथेच होते.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. फोन तसाच चालू राहिला. दारात समोरच्या खोलीतली मुलगी, व्हिएतनामची, वर्षभर आधी आलेली. तिच्या हातात एक खोलगट वाडगा होता. तिने काही विचारले नाही. बहुधा तिचाही पहिला दिवस रविवारच असावा. वाडग्यात गरम भात आणि वर उकडलेले अंडे. आमच्या मुलीने अंडे बाजूला ठेवले, बॅगेतून मेतकूट काढले, तुपाची बाटली काढली. दोघी गादीवर बसून एकाच वाडग्यातून जेवल्या. फोनमध्ये त्यांच्या पाठी फक्त दिसत होत्या.

"भात," शेजारीण म्हणाली. एवढेच म्हणाली आणि पदर डोळ्याला लावला.

काही दिवसांनी मी तिला आनंदीबाईंचा शेवट सांगितला, जो मला फार उशिरा कळला होता. पुण्यात दहन झाल्यावर गोपाळरावांनी रक्षा अमेरिकेला पाठवली, मावशीकडे. कार्पेंटरबाईंनी ती न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सी गावी आपल्या घराण्याच्या स्मशानभूमीत, आपल्या माणसांच्या शेजारी ठेवली. तिथे आजही आनंदीबाईंच्या नावाचा दगड आहे. शेजारीण चकल्यांचे पीठ मळत होती. हात थांबले. मग पुन्हा मळू लागली.

दिवाळीच्या दहा दिवस आधी आम्ही दोघी रिक्षाने कल्याणला गेलो. कुरियरवाल्याच्या काट्यावर तिने दोन खोकी ठेवली. दोन्ही सारख्याच वजनाची. घरी हुकाच्या काट्यावर मोजून आणली होती. एकावर लेकीचे नाव. दुसऱ्यावर तिने मुलीकडून व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून, एकेक अक्षर जपून, एक व्हिएतनामी नाव लिहिले होते. कुरियरवाल्याने आत काय आहे विचारले, तिने यादी वाचली: चकली, शंकरपाळे, बेसनाचे लाडू, चिवडा. मग दुसऱ्या खोक्यावर बोट ठेवून त्याला सांगितले, "याच्यातल्या चिवड्यात मिरची नाही घातलेली."